तापणारे ग्राफिक्स कार्ड: उष्णता अडते कुठे?

ग्राफिक्स कार्डाला मिळालेली वीज शेवटी जवळजवळ सगळीच उष्णता बनते. पंखे फिरवायला, दिवे लावायला आणि मॉनिटरकडे संकेत पाठवायला लागणारा वाटा इतका किरकोळ असतो की तो हिशोबात धरायचे कारण नाही. १७० वॅटचे आरटीएक्स ३०६० पूर्ण भाराने चालत असेल तर खोलीत १७० वॅटची उष्णता सोडते. ४५० वॅटचे आरटीएक्स ४०९० त्याच्या अडीचपटीहून जास्त. उष्णता निर्माण होणे हा बिघाड नाही. बिघाड असतो तो तिच्या बाहेर पडण्याच्या वाटेत. चिपपासून खोलीच्या हवेपर्यंत ही वाट पाच-सहा टप्प्यांची आहे आणि ‘कार्ड फार तापते’ या एकाच तक्रारीमागे त्यांतला कोणताही टप्पा अडलेला असू शकतो. तो न शोधताच नवे पंखे, महागडी पेस्ट किंवा मोठे कॅबिनेट आणले जाते आणि तापमान होते तिथेच राहते.

अडचणीचे मूळ उष्णतेच्या प्रमाणापेक्षा ती किती लहान जागेतून बाहेर पडते यात आहे. आरटीएक्स ४०९०च्या चिपचे क्षेत्रफळ सुमारे ६०९ चौरस मिलिमीटर, म्हणजे जेमतेम ६ चौरस सेंटीमीटर. कार्डाच्या ४५० वॅटपैकी काही भाग मेमरीत आणि वीजपुरवठ्याच्या घटकांत खर्च होतो, पण ३०० वॅट जरी चिपमधून बाहेर पडत असतील तरी दर चौरस सेंटीमीटरला ५० वॅट होतात. स्वयंपाकघरातल्या १५०० वॅटच्या विजेच्या शेगडीची तबकडी १८ सेंटीमीटर व्यासाची धरली तर तिथे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ६ वॅटच येतात. शेगडी लाल होते आणि चिप ८० अंशांवर राहते, याचे सगळे श्रेय चिपच्या पाठीवर बसवलेल्या थंड करणाऱ्या यंत्रणेला जाते.

या यंत्रणेत चिपचा गुळगुळीत पृष्ठभाग तांब्याच्या पट्टीवर दाबून बसवलेला असतो. दोन्ही पृष्ठभाग कितीही घासलेले असले तरी त्यांच्यात सूक्ष्म खळगे उरतातच आणि त्यांत हवा अडकते. हवा उष्णतेची अत्यंत वाईट वाहक आहे: तांब्याची उष्णतावाहकता ४०० वॅट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास, तर हवेची ०.०२६. मध्ये भरलेली थर्मल पेस्ट ४ ते १२च्या घरात असते. तांब्यापुढे ती काहीच नाही, पण हवेच्या शेकडो पट चांगली. पेस्टचे काम तेवढेच आहे, खळग्यांतली हवा हुसकावणे. म्हणून ती पातळ असावी लागते. जाड थर दिला की तीच अडथळा ठरते.

तांब्याच्या पट्टीतून उष्णता हीटपाइपांत जाते. चकचकीत दिसणाऱ्या या नळ्या भरीव असाव्यात असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात त्या पोकळ आणि बंद असतात; आत हवा काढून टाकून थोडेसे पाणी भरलेले असते आणि आतल्या भिंतीला तांब्याच्या भुकटीचा सच्छिद्र थर असतो. दाब कमी असल्याने पाणी १०० अंशांच्या पुष्कळ आधी उकळते. गरम टोकाला वाफ होते, ती थंड टोकाकडे धावते, तिथे पुन्हा पाणी होते आणि सच्छिद्र थरातून झिरपत मूळ जागी येते. वाफ होताना पाणी जी प्रचंड उष्णता शोषते तीच दुसऱ्या टोकाला सुटते, त्यामुळे तेवढ्याच जाडीच्या भरीव तांब्यापेक्षा ही नळी कितीतरी पट जास्त उष्णता वाहून नेते. अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये विकसित केलेली ही कल्पना पुढे अवकाशयानांत वापरली गेली. मोठ्या कार्डांत याच तत्त्वावरची चपटी पेटी, म्हणजे व्हेपर चेंबर, थेट चिपवर बसवतात. पुढे ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची जुडी, म्हणजे हीटसिंक, तिच्यातून हवा ढकलणारे पंखे, मग कॅबिनेटमधली हवा आणि शेवटी खोली.

या साखळीतली कोणतीही कडी फसू शकते, अगदी कारखान्यातही. डिसेंबर २०२२ मध्ये बाजारात आलेल्या एएमडीच्या आरएक्स ७९०० एक्सटीएक्स या कार्डाच्या, कंपनीच्या मूळ आराखड्यावर बनलेल्या, काही प्रतींत चिपचा सर्वांत गरम बिंदू ११० अंशांपर्यंत जाऊन वेग घटत होता. ग्राहकांनी पेस्ट बदलून पाहिली, पंखे वाढवून पाहिले. पुढे कंपनीनेच मान्य केले की व्हेपर चेंबरच्या काही तुकड्यांत पाणी पुरेसे भरलेले नव्हते. अशा कार्डावर वापरणाऱ्याने कितीही उपाय केले तरी व्यर्थच. त्याला बदली कार्ड हेच उत्तर होते.

तीन दशकांपूर्वी हा विषय फारसा कुणाच्या तोंडी नव्हता. सुरुवातीच्या अनेक कार्डांवर लहानसा पंखा किंवा नुसता धातूचा तुकडा असे. मदरबोर्डावरच्या पीसीआय एक्स्प्रेस खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून अधिक लागले तर वीजपुरवठ्यातून वेगळी वायर जोडावी लागते. ६ पिनांची वायर आणखी ७५ वॅट देते, ८ पिनांची १५०. कार्डाला अशा किती वायरी लागतात यावरून त्याच्या उष्णतेचा अंदाज खोके न उघडताच बांधता येतो. २००३ मध्ये एनव्हिडियाच्या जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्राच्या पंख्याचा आवाज इतका गाजला की कंपनीने स्वतःच त्याची टर उडवणारी चित्रफीत काढली. मार्च २०१०चे जीटीएक्स ४८० हे २५० वॅटचे कार्ड भाराखाली सहज ९० अंशांपुढे जाई आणि त्याची अधिकृत कमाल मर्यादा १०५ अंश होती. २०२५च्या आरटीएक्स ५०९०ला ५७५ वॅट लागतात. तरीही ते जीटीएक्स ४८०पेक्षा थंड चालते, कारण मधल्या काळात चिपइतकीच तिला थंड करणारी यंत्रणाही सुधारली.

किती तापमान म्हणजे ‘फार’, याचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही आणि तसे देणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. कार्ड रिकामे असताना ३५ ते ५० अंश, खेळ किंवा त्रिमितीय चित्रांचे काम चालू असताना ६५ ते ८५ अंश, हे बहुतेक कार्डांचे नेहमीचे जीवन. बऱ्याच कार्डांचे पंखे ५० ते ६० अंशांपर्यंत मुद्दाम बंद ठेवलेले असतात, त्यामुळे नुसते संकेतस्थळ चाळताना ५० अंश दिसले तर घाबरायचे कारण नाही. एनव्हिडियाने आरटीएक्स ३०८०साठी कमाल ९३ अंश आणि आरटीएक्स ४०९०साठी ९० अंश सांगितले आहेत. एएमडी चिपच्या सर्वांत गरम बिंदूचा आकडाही दाखवते. आरएक्स ५७०० मालिकेच्या वेळी, २०१९ मध्ये, हा बिंदू ११० अंशांपर्यंत जाणे अपेक्षित आणि मर्यादेत असल्याचे तिने जाहीर केले होते. चिपचे तापमान आणि गरम बिंदू यांची गल्लत झाली की निरोगी कार्डही आजारी वाटू लागते.

आकड्यापेक्षा महत्त्वाचा असतो त्यातला बदल. गेल्या वर्षी त्याच खेळात ७२ अंशांवर राहणारे कार्ड यंदा त्याच ऋतूत ८४ दाखवत असेल तर काहीतरी अडले आहे, जरी ८४ हा आकडा मर्यादेत असला तरी. नवे कार्ड बसवल्याच्या दिवशीच खोलीचे तापमान, कार्डाचे तापमान आणि पंख्याचा वेग एकत्र टिपून ठेवला तर पुढे हीच नोंद निदानाला सर्वांत जास्त उपयोगी पडते.

मर्यादा जवळ आली की कार्ड स्वतःच सावध होते. चिपमधील संवेदक तापमान सतत मोजत असतात. ठरलेली पातळी ओलांडली की घड्याळाचा वेग लहान लहान पायऱ्यांनी खाली आणला जातो आणि व्होल्टेजही घटते. याला थ्रॉटलिंग म्हणतात. तेवढ्यानेही तापमान आवरले नाही तर कार्ड बंद पडते. म्हणून आजच्या काळात तापलेले कार्ड जळून धूर निघाल्याचे क्वचितच दिसते. दिसते ते असे: खेळ पहिली दहा मिनिटे सुरळीत चालतो आणि मग अडखळू लागतो, पंखे किंचाळतात, पडदा क्षणभर काळा होऊन ड्रायव्हर पुन्हा सुरू झाल्याचा संदेश येतो, किंवा संगणकच बंद होतो. दहा मिनिटांचा हा उशीर लक्षात ठेवण्यासारखा आहे. धातूच्या जुडीला आणि कॅबिनेटमधल्या हवेला तापायला वेळ लागतो. सुरू होताक्षणी येणारा दोष सहसा उष्णतेचा नसतो.

मोजण्यासाठी विकत काही घ्यावे लागत नाही. विंडोज १० आणि ११च्या टास्क मॅनेजरमध्ये कार्डाचे तापमान दिसते. अधिक तपशील हवा असेल तर जीपीयू-झेड किंवा एचडब्ल्यूइन्फो ही मोफत साधने पुरेशी आहेत. लिनक्सवर एनव्हिडियाच्या ड्रायव्हरसोबत येणारी एनव्हिडिया-एसएमआय ही आज्ञा तेच सांगते. चार आकडे एकत्र पाहावे लागतात: चिपचे तापमान, गरम बिंदूचे तापमान, पंख्याचा वेग आणि वापरले जाणारे वॅट. काही नव्या कार्डांत गरम बिंदूचा आकडा दाखवला जात नाही. तिथे उरलेल्या तिघांवर भागवावे. फरमार्कसारखी भार टाकणारी साधने मुद्दाम इतका भार टाकतात की रोजच्या कामात तो कधी येत नाही. तुलनेसाठी पाच-दहा मिनिटे चालवायला ती ठीक, पण तासन्‌तास चालवून कार्डाची परीक्षा घेण्यात शहाणपण नाही.

हे चार आकडे नीट वाचले तर निदान निम्मे होते. चिप आणि गरम बिंदू यांच्यात १० ते २० अंशांचा फरक असणे साधारण समजले जाते. तो ३० अंशांपुढे गेला असेल तर पेस्ट सुकली आहे, बाजूला सरकली आहे किंवा हीटसिंक एका कडेला नीट टेकलेला नाही. दोन्ही तापमाने सारख्याच प्रमाणात चढली असतील तर पेस्टला हात लावण्याची गरज नाही. अडचण हवेच्या बाजूला आहे. पंखा १०० टक्के वेगाने फिरवायला सांगूनही फेऱ्यांचा आकडा शून्य किंवा खाली-वर होत असेल तर पंख्याचे बेअरिंग गेले. कार्ड रिकामे असूनही ३०-४० वॅट खाऊन तापत असेल तर जास्त रिफ्रेश दराचे दोन मॉनिटर जोडलेले आहेत का, हे पाहावे. काही कार्डांत अशा जोडणीमुळे मेमरी सतत पूर्ण वेगात राहते आणि एका मॉनिटरचा दर थोडा कमी केला की तिचा वेग उतरतो.

यानंतरची चाचणी सर्वांत सोपी आणि सर्वांत दुर्लक्षित: कॅबिनेटची बाजूची झडप काढून तोच खेळ तेवढाच वेळ चालवणे. तापमान ८-१० अंशांनी उतरले तर कार्डात दोष नाही. कॅबिनेटला श्वास घेता येत नाही. आपल्याकडच्या संगणक टेबलांत कॅबिनेटसाठी तीन बाजूंनी बंद असा कप्पा असतो. त्यात मागून निघालेली गरम हवा भिंतीला आपटून पुन्हा पुढे येते आणि कार्ड तीच हवा परत ओढते. कॅबिनेट कप्प्याबाहेर काढून भिंतीपासून वीतभर दूर ठेवणे हा फुकटचा उपाय अनेकदा नव्या पंख्यांपेक्षा जास्त काम करतो. समोर पूर्ण काच असलेली कॅबिनेटे दिसायला देखणी, पण हवा आत यायला त्यांच्यात कडेची चिंचोळी फट तेवढी असते. समोरून दोन पंखे हवा आत घेणारे, मागे एक आणि जमल्यास वर एक बाहेर फेकणारा, ही साधी मांडणी बहुतेक कार्डांना पुरते. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त ठेवली तर फटींतून धूळ ओढली जात नाही, ती जाळीतच अडते.

खोलीच्या हवेचा हिशोब तर अगदी सरळ आहे. हीटसिंकमधून बाहेर पडणारी उष्णता त्याच्या आणि हवेच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते. तेवढेच वॅट, तेवढाच पंख्याचा वेग असेल तर हा फरक जवळपास कायम राहतो. २५ अंशांच्या खोलीत ७० अंशांवर चालणारे कार्ड ४० अंशांच्या खोलीत ८५ अंशांवर जाणार. नागपूर, अकोला, चंद्रपूर इथे मे महिन्यात बाहेर ४५ अंश होतात तेव्हा डिसेंबरात कुरकूर न करणारे कार्ड थ्रॉटल करू लागले तर दुरुस्तीला नेण्याआधी कॅलेंडर पाहिलेले बरे. मुंबई-कोकणातला दमटपणा माणसाला हैराण करतो, पण कार्डाला त्याचे फारसे काही वाटत नाही, कारण कार्डाला घाम येत नाही; तिथे धोका आहे तो खारट हवेने वर्षानुवर्षांत धातूचे जोड गंजण्याचा. विदर्भ-मराठवाड्यात घरोघरी चालणारा वाळ्याचा किंवा गवताच्या ताट्यांचा कूलर खोलीची हवा चांगलीच उतरवतो आणि त्याचा फायदा कार्डालाही होतो. मात्र त्याचा झोत थेट कॅबिनेटवर नसावा. झोतासोबत पाण्याचे तुषार आणि त्यांतले क्षार आत जातात.

धुळीबद्दल सगळ्यांना ठाऊक असते, तरी ती काढली जाते कार्ड बंद पडू लागल्यावरच. पत्र्यांच्या जुडीतल्या फटी एक-दोन मिलिमीटरच्या असतात आणि धूळ साचते ती पंख्याच्या मागे, बाहेरून न दिसणाऱ्या बाजूला. स्वयंपाकघराजवळच्या खोलीत फोडणीची वाफ धुळीला चिकट करते आणि मग ती फुंकरीने निघत नाही. संगणक पूर्ण बंद करून, वायर काढून, कार्ड बाहेर घेऊन मऊ ब्रश आणि दाबाखालच्या हवेने ती काढावी. हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवणे आवश्यक आहे. मोकळा सोडलेला पंखा ब्लोअरच्या झोतात मूळ वेगाच्या कितीतरी पट फिरतो आणि बेअरिंग खराब होते. घरातला व्हॅक्यूम क्लीनर थेट कार्डावर फिरवू नये, त्याच्या नळीवर स्थिर विद्युतभार साचतो.

पंख्याचा वेग वाढवणे हा उपाय प्रत्येकाला पहिल्यांदा सुचतो. तो चालतो, पण लवकरच महाग पडू लागतो: हवा वेगाच्या प्रमाणात वाढते, पंख्याला लागणारी शक्ती मात्र वेगाच्या घनाच्या प्रमाणात, आणि आवाजही भरभर चढतो. ६० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेल्याने चार-पाच अंश मिळतील, ८० वरून १०० वर एखाद-दुसराच.

खरा फायदा आहे तो उष्णता मुळातच कमी निर्माण करण्यात आणि इथे पैसे लागत नाहीत. पहिली गोष्ट म्हणजे अनावश्यक काम थांबवणे. ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० चित्रेच दाखवू शकतो. कार्ड २०० तयार करत असेल तर उरलेली १४० केवळ खोली तापवतात. याचे प्रसिद्ध उदाहरण जुलै २०१०चे. स्टारक्राफ्ट २ हा खेळ बाजारात आला तेव्हा त्याच्या साध्या निवड-पडद्यांवर चित्रांच्या वेगाला मर्यादाच नव्हती. चित्र सोपे, त्यामुळे कार्ड पूर्ण जोराने ती शेकड्यांनी काढत बसे आणि खेळ सुरू होण्याआधीच तापे. ब्लिझार्ड कंपनीने खेळाच्या फाइलमध्ये दोन ओळी घालून वेग बांधायला सांगितले आणि तक्रार मिटली. आज बहुतेक खेळांत आणि ड्रायव्हरमध्येही ही मर्यादा घालण्याची सोय असते. ती वापरणारे मात्र थोडे, कारण चित्रांचा मोठा आकडा कोपऱ्यात पाहण्याची हौस मोठी.

दुसरा उपाय व्होल्टेज उतरवण्याचा. चिपमधील शक्तीचा मोठा भाग व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि घड्याळाच्या वेगाच्या प्रमाणात असतो. वेग तोच ठेवून व्होल्टेज १.०५ वरून ०.९० वर आणले तर हा भाग सुमारे २६ टक्क्यांनी घटतो. कारखान्यात लाखो चिपा बनतात, त्यांतली सर्वांत कमजोर चिपही चालावी म्हणून सगळ्यांना थोडे जास्तच व्होल्टेज दिलेले असते. बहुतेक कार्डांत त्यामुळे उतरवायला जागा असते. एमएसआय आफ्टरबर्नरमध्ये व्होल्टेज आणि वेग यांचा आलेख उघडता येतो. हव्या त्या व्होल्टेजचा बिंदू इच्छित वेगापर्यंत उचलून त्यापुढची रेषा सपाट करायची. एएमडीच्या कार्डांसाठी ही सोय तिच्या ॲड्रेनालिन सॉफ्टवेअरमध्येच आहे. एकदम मोठी उडी न घेता थोडे थोडे उतरवावे आणि प्रत्येक पायरीवर नेहमीचे जड खेळ तासभर चालवून पाहावेत. व्होल्टेज फार उतरले तर खेळ बंद पडतो किंवा ड्रायव्हर कोसळतो. कार्डाला इजा होत नाही, संगणक पुन्हा सुरू करून आकडा किंचित वाढवला की झाले.

एवढ्या खटपटीची तयारी नसेल त्याने शक्तीची मर्यादा ८० टक्क्यांवर आणावी. एक सरकपट्टी ओढण्याचे काम आहे. शेवटचे २० टक्के वॅट वेगात फारच थोडी भर घालतात, कारण वेगाच्या वरच्या टोकाला प्रत्येक पायरीसाठी व्होल्टेज जास्त मोजावे लागते. त्यामुळे चित्रांचा वेग वॅटच्या मानाने पुष्कळ कमी घटतो आणि तापमान व आवाज दोन्ही खाली येतात. तापलेली चिप गळतीमुळे थंड चिपपेक्षा थोडी जास्त वीज खाते, त्यामुळे उतरलेल्या तापमानाचा छोटासा परतावाही मिळतो.

हे सगळे करूनही गरम बिंदू वेगळाच राहत असेल तर कार्ड उघडण्याची वेळ आली. वॉरंटी शिल्लक असेल तर आधी तिच्या अटी वाचाव्यात. काही कंपन्या स्क्रूवर चिकटपट्टी लावतात. पेस्ट वर्षानुवर्षे तापण्या-निवण्याने सुकते, शिवाय चिप प्रत्येक वेळी किंचित प्रसरण-आकुंचन पावते आणि पातळ पेस्टला कडेकडे ढकलत नेते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी सर्व चिपवर पसरेल इतकीच लावावी. ग्राफिक्स चिप झाकणाशिवाय उघडी असते, त्यामुळे एखादा कोपरा कोरडा राहिला तर गरम बिंदू तिथेच उगवतो. अलीकडे पेस्टऐवजी हनीवेलच्या पीटीएम ७९५० सारखी पातळ चकती लोकप्रिय आहे. ती सुमारे ४५ अंशांना मऊ होऊन खळगे भरते आणि पेस्टसारखी सहज बाहेर सरकत नाही. गॅलियमयुक्त द्रव धातू त्याहून उत्तम वाहक, पण तो वीजही वाहतो आणि ॲल्युमिनियम खातो. घरगुती दुरुस्तीत त्याच्या वाटेला न जाणेच बरे.

पेस्टपेक्षा जास्त घात होतो तो थर्मल पॅडांनी. मेमरीच्या चिपा आणि वीजपुरवठ्याचे घटक यांच्यावर रबरासारखे पॅड असतात आणि त्यांची जाडी प्रत्येक कार्डाला वेगळी, अर्ध्या मिलिमीटरपासून तीनपर्यंत. हवा त्यापेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त जाड पॅड बसवला तर तो हीटसिंक उचलून धरतो, मुख्य चिपवरचा दाब जातो आणि दुरुस्तीनंतर कार्ड आधीपेक्षा जास्त तापते. पातळ बसवला तर मेमरी उघडी पडते. जुन्या पॅडची जाडी दाबलेल्या भागावर न मोजता कडेला मोजावी, किंवा जाडीशी जुळवून घेणारी थर्मल पुटी वापरावी. स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांतून थोडे थोडे पिळावेत.

मेमरीचे तापमान हा वेगळा विषय आहे. आरटीएक्स ३०८० आणि ३०९० यांच्यातील जीडीडीआर६एक्स मेमरी ११० अंशांना वेग घटवते आणि ३०९०मध्ये तिच्या चिपा कार्डाच्या पाठीवरही आहेत, जिथे पंखा नाही. मुख्य चिप ६५ अंशांवर निवांत दिसते आणि मेमरी उकळत असते. क्रिप्टो चलनाच्या खाणकामात नेमके मेमरीवरच ओझे येई. इथेरियम या चलनाने १५ सप्टेंबर २०२२ रोजी ही पद्धत सोडली आणि जगभर अशी वापरलेली कार्डे स्वस्तात बाजारात आली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात जुने कार्ड घेताना म्हणूनच मुख्य चिपसोबत मेमरीचे तापमान आणि पंख्यांचा आवाज तपासून घ्यावा. खाणीतले कार्ड म्हणजे संपलेले, असे मात्र नाही. ते बहुधा कमी व्होल्टेजवर आणि एकाच तापमानावर चाललेले असते.

एकाच तापमानावर चालणे कार्डाला मानवते; बाधते ते रोज तापणे आणि निवणे. चिप, तिच्याखालचे डाखाचे बारीक गोळे आणि फलक, तिघेही वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात आणि प्रत्येक फेरीत गोळ्यांवर ताण येतो. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधील काही चिपांत या जोडांचे आणि आवरणाचे साहित्य कमकुवत असल्याचे सांगून दुरुस्तीसाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला ठेवले. मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये एक्सबॉक्स ३६० या खेळयंत्राच्या लाल दिव्यांच्या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांची केली, त्याचा खर्च १०० कोटी डॉलरहून जास्त होता. अशा चिपांना रोजचे तापणे-निवणे झेपत नव्हते.

लॅपटॉपमध्ये हीटपाइप बहुधा मुख्य प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप यांना सामायिक असतात, म्हणून एकाची वीज बांधली की दुसऱ्यालाही आराम मिळतो. हवा तळातून आत जाते. गादीवर किंवा उशीवर ठेवलेला लॅपटॉप ती वाट बंद करतो. मागची बाजू दोन सेंटीमीटर उचलणे आणि वर्षा-दोन वर्षांनी धूळ काढून घेणे, एवढे केले तरी फरक दिसतो.

जळका वास आला तर तो चिपचाच आहे असे धरू नये. ऑक्टोबर २०२२ पासून आरटीएक्स ४०९०च्या १६ पिनांच्या जोडणीचे प्लास्टिक वितळल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. ४५० वॅट १२ व्होल्टवर म्हणजे ३७.५ अँपिअर, सहा पिनांत विभागलेले. प्लग पूर्ण आत गेला नाही तर संपर्काची जागा घटते, रोध वाढतो आणि उष्णता तिथेच निर्माण होते. एनव्हिडियाने नोव्हेंबरमध्ये सुमारे ५० तक्रारींचा उल्लेख करून अर्धवट बसवलेला प्लग हेच प्रमुख कारण सांगितले. नंतर जोडणीचा आराखडा बदलून प्लग नीट बसल्याचे ओळखणाऱ्या पिना आखूड केल्या गेल्या. या जोडणीचे तापमान बहुतेक कार्डांत कोणताही संवेदक मोजत नाही, त्यामुळे सॉफ्टवेअरमधले सगळे आकडे चांगले असतानाही ती तापू शकते. प्लग पूर्ण दाबणे आणि त्याच्या तोंडाशीच वायर मुडपू न देणे, हाच त्यावर उपाय.

कार्ड थंड असतानाही, संगणक सुरू होताच पडद्यावर रंगीत ठिपके, चौकटी किंवा उभ्या रेषा दिसत असतील तर प्रश्न तापमानाचा राहिलेला नसतो. मेमरी किंवा चिपखालचे जोड निकामी झालेले असतात. असे कार्ड ओव्हनमध्ये भाजून जिवंत करण्याची युक्ती अनेक वर्षे फिरत आहे. शिशाविरहित डाख वितळायला सुमारे २१७ अंश लागतात. घरगुती ओव्हनमध्ये बहुधा तेवढी पातळी नीट गाठली जात नाही, प्लास्टिक व कपॅसिटर मात्र बिघडतात, आणि कार्ड चाललेच तरी काही दिवस किंवा आठवडे. खाद्यपदार्थांच्या ओव्हनमध्ये डाखाची व प्लास्टिकची वाफ सोडणे हा त्याहून मोठा दोष. वॉरंटी असेल तर कार्ड परत पाठवावे. नसेल तर डाखाच्या गोळ्यांवर बसलेली, म्हणजे बीजीए, चिप काढून बसवण्याचे यंत्र असलेल्या दुरुस्तीकाराकडून आधी खर्चाचा अंदाज घ्यावा. मध्यम दर्जाच्या जुन्या कार्डासाठी तो अनेकदा दुसऱ्या वापरलेल्या कार्डाच्या किमतीच्या जवळ जातो.